नागपुरात वाचनालय, अभ्यासिका आणि सभागृह कमी विजेत थंड ठेवायचे तर: आधी छत, मग पश्चिम, यंत्र शेवटी

उकाड्याच्या तक्रारी वाढल्या की वाचनालयाची समिती पहिला प्रश्न विचारते तो टनांचा. हॉलला किती टनांचा एसी लागेल? नागपुरात हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यायला हवा. छत आणि पश्चिमेची भिंत तापलेलीच ठेवून यंत्र घेतले, तर निम्मे यंत्र माणसांसाठी नव्हे, सिमेंट थंड करण्यासाठी चालते. त्यामुळे पुढचा क्रम जाणूनबुजून असा आहे. पैसे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर कामेही याच क्रमाने करावीत.

नागपूरचे वर्ष यंत्रांच्या दृष्टीने एक नाही, तीन आहेत. मार्च ते जूनचा मध्य कोरडा. मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, त्याच्याही वर, आणि मे २०१३ मध्ये तो ४७.९ पर्यंत गेला होता. पण हवेतली आर्द्रता तेव्हा दुपारी १५-२० टक्केच असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तापमान उतरते आणि आर्द्रता ८० टक्क्यांवर चढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खिडक्या उघडल्या की काम भागते. एकच यंत्र या तिन्ही ऋतूंना पुरवायला गेले की वर्षभर जास्त वीज जाते. ऑक्टोबरच्या उकाड्याचे काय, ते शेवटी पाहू.

सुरुवात मोजमापाने

लागणारे सामान थोडे आहे: इन्फ्रारेड थर्मामीटर, आर्द्रतामापक, उजेड मोजणारे लक्स मीटर, उदबत्तीचा पुडा आणि मागच्या १२ महिन्यांची वीजबिले. एप्रिल-मेमधला एक निरभ्र दिवस निवडा. सकाळी ११, दुपारी ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १० वाजता स्लॅबची खालची बाजू, पश्चिमेच्या भिंतीची आतली बाजू आणि खोलीतली हवा यांचे तापमान लिहून घ्या.

संध्याकाळी ७ आणि रात्री १० चे आकडे सगळ्यांत महत्त्वाचे. उघडा काँक्रीट स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि सूर्य मावळल्यावर ती खाली सोडतो. स्पर्धा परीक्षांची मुले अभ्यासिकेत नेमकी याच वेळी बसलेली असतात. रात्री १० वाजता स्लॅबची खालची बाजू हवेपेक्षा ४-५ अंशांनी गरम असेल, तर छतापासून सुरुवात करा. पंखा तिथली गरम हवाच खाली ढकलत राहतो आणि डोक्यावर शेगडी ठेवल्यासारखे वाटते.

दारे-खिडक्या बंद करून चौकटींच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर जिथे हलतो, तिथे फट आहे. एसीच्या खोलीत सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्या आणि जुन्या कूलरसाठी पाडलेली भोके हे सर्वांत मोठे चोर असतात. ती भोके पुठ्ठ्याने बुजवलेली आढळली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

छत

हिशेबासाठी २० मीटर बाय १५ मीटरचा, ४ मीटर उंचीचा, एकमजली वाचन-हॉल धरू. छत ३०० चौरस मीटर, १५० मिमी स्लॅब, वर मळकट झालेला कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जुना थर. अशा छताचे यू-मूल्य, म्हणजे एका अंशाच्या फरकाला एका चौरस मीटरमधून आत येणारे वॅट, साधारण ३.३ असते. मेच्या दुपारी वरचा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास तापतो. आत ३० अंश ठेवायचे तर फरक ४० अंशांचा. ४० × ३.३ × ३०० म्हणजे सुमारे ४० किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेव्हा एकट्या छतासाठी ११ ते १२ टन लागतात. स्लॅबच्या जाडीमुळे ही उष्णता काही तास उशिरा आणि थोडी पसरून आत येते, पण ती टळत नाही.

तेच छत पांढरे केले तर पृष्ठभाग ५० अंशांच्या जवळपास राहतो आणि आत येणारी उष्णता निम्म्यावर, २० किलोवॅटवर येते. पांढऱ्या छताखाली उष्णतारोधक थर घालून यू-मूल्य ०.३३ वर आणले तर उरतात २ किलोवॅट. ०.३३ हा आकडा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने २०१७ च्या आवृत्तीत बहुतेक सार्वजनिक इमारतींच्या छतासाठी दिला होता. छोट्या वाचनालयावर तो बंधनकारक नसला तरी लक्ष्य म्हणून धरायला योग्य आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "आमच्या छतावर जाड ब्रिकबॅट कोबा आहे, उष्णता कशी येईल?" असे अनेक मिस्त्रीही सांगतात. १०० मिमी कोब्याचा उष्णतारोध एक्सपीएस फोमच्या (पाणी न धरणाऱ्या कडक फोमच्या) जेमतेम ४ मिमी थराइतका असतो. शिवाय दर चौरस मीटरला त्याचे वजन १८०-२०० किलो. जुन्या इमारतीत तो काढून टाकला तर स्लॅबचा भारही उतरतो. मात्र काढण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि ब्रेकर न लावता हाताने फोडून घ्या. जुना स्लॅब ब्रेकरच्या हादऱ्याने तडकतो, आणि मग गळतीचे खापर नव्या वॉटरप्रूफिंगवर फुटते.

नव्या थरांचा क्रम खालून वर असा:

१. साफ केलेला स्लॅब. भेगा भरून घ्या, कठड्याच्या कोपऱ्यांना गोलाई द्या.
२. पाण्याच्या पाइपाकडे १:१०० उताराचा पातळ थर.
३. वॉटरप्रूफिंग. वाळल्यावर ४८ ते ७२ तास पाणी कोंडून चाचणी घ्या आणि खालून ओल तपासा. ही चाचणी वगळून पुढे जाऊ नये.
४. ८० मिमी एक्सपीएस पाट्या, घनता ३२ ते ३६ किलो प्रति घनमीटर. ४०-४० मिमीचे दोन थर, सांधे एकमेकांवर येऊ न देता.
५. जिओटेक्स्टाइल कापड.
६. चिकन मेश घालून ४०-५० मिमी काँक्रीट. दर ३ मीटरवर सांधा सोडा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात ते तडकते.
७. पांढऱ्या चिनी फरशीचे तुकडे किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग.

एक्सपीएसच्या जागी साधा थर्माकोल घालू नका. तो पाणी धरतो आणि ओला झाला की त्याचा रोध जातो. फवारून लावायचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम ६५ मिमीत तेवढेच काम करतो. पण तो उन्हात उघडा राहिला तर पिवळा पडून भुकटी होते, म्हणून त्यावर लेप किंवा काँक्रीट हवेच.

एवढा पैसा नसेल तर या वर्षी निदान चुना लावा. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवा, फडक्यातून गाळा, चिकटपणासाठी डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळा आणि ब्रशने आडवे-उभे तीन पातळ हात द्या. जाड हात पापुद्रे होऊन सुटतो. होळीच्या आधी गच्ची झाडून-धुऊन हे काम उरकावे. पावसाळ्यात चुना धुपतो आणि धुळीने पांढरेपणा जातो, म्हणून ते दर वर्षी करावे लागते. गच्चीवर सतरंज्या, मोडकी बाके आणि जुने कूलर साठवण्याची सवय असेल तर आधी ती मोडा. ओल आणि तडे तिथूनच सुरू होतात.

फॉल्स सीलिंगला छताचा उपाय समजू नका. वर स्लॅब तापलेलाच राहतो, मधली हवा ५० अंशांपर्यंत जाते, उंची जाते आणि छताजवळचे जुने झरोके बंद होतात. जुन्या वाचनालयांमधले ते झरोके गरम हवा बाहेर सोडण्यासाठीच ठेवलेले असतात.

पश्चिम, आणि फसवी उत्तर

नवी इमारत असेल तर लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे मोठ्या भिंती उत्तर-दक्षिणेला येतात. पश्चिमेला जिना, स्वच्छतागृह, पाण्याची खोली, खुर्च्यांचे कोठार ठेवा. पुस्तकांची खोली पश्चिमेच्या भिंतीला कधीही लावू नका.

संध्याकाळी ४ वाजता पश्चिमेच्या साध्या काचेच्या एका चौरस मीटरमधून सुमारे ५०० वॅट आत येतात. ८ चौरस मीटर काच म्हणजे एक टनाहून जास्त. आतून पडदा लावून यातले थोडेच वाचते, कारण उष्णता काच ओलांडून आत आलेली असते. अडवायची तर बाहेरच. बाहेरून टांगलेल्या बांबूच्या चिका (पडदे), भिंतीपासून ३०० ते ४५० मिमी अंतरावर उभी केलेली विटांची किंवा टेराकोटाची जाळी, किंवा ५-६ मीटरवर कडुनिंब-करंज. विदर्भात बांबूला तोटा नाही. चिका दर दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागल्या तरी रंगीत काचेपेक्षा हा सौदा परवडतो. जाळी आणि भिंतीमधली पोकळी वर-खाली उघडी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते.

भिंतीसाठी २३० मिमी विटांचे यू-मूल्य २ च्या वर असते, २०० मिमी एएसी ब्लॉकचे (हवेच्या बुडबुड्यांचे हलके सिमेंट ब्लॉक) सुमारे ०.७. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेमुळे इथे फ्लाय अॅश विटा सहज मिळतात. त्या मजबूत आणि सरळ असतात, पण उष्णता अडवण्यात मातीच्या विटेपेक्षा फार वेगळ्या नाहीत. पश्चिमेला त्या वापरायच्या तर दोन भिंतींमध्ये ५० मिमी उष्णतारोधक थराची पोकळ भिंत करा.

आता उत्तर. "उत्तरेला ऊन येत नाही" हे पुस्तकी आराखड्यांतून आलेले वाक्य इथे जसेच्या तसे घेऊ नका. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य भरदुपारीही किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला तो पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या तेवढाच उत्तरेला मावळतो. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तरेच्या खिडकीतून सकाळी आणि संध्याकाळी तिरके ऊन थेट टेबलावर येते. आडवा छज्जा ते अडवू शकत नाही, तिथे उभी पाती लागतात. १.२ मीटर रुंद खिडकीला त्यासाठी सुमारे ५७० मिमी खोल पाते लागेल. त्याऐवजी ६०० मिमी रुंदीच्या दोन खिडक्या केल्या तर २८५ मिमीची पाती पुरतात. अरुंद आणि उंच खिडक्या इथे म्हणूनच बऱ्या.

दक्षिणेला उलट: तिथे छज्जा चालतो. १.२ मीटर उंच खिडकीवर ४६० मिमीचा छज्जा मार्चच्या विषुवदिनी दुपारी पूर्ण सावली देतो, पण ऑक्टोबरच्या मध्यासाठी ६८० मिमी लागतो. ऑक्टोबर इथे थंड नसतो, म्हणून ७०० मिमी धरा. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य ४५ अंशांवर उतरतो, तेव्हा त्या छज्ज्याखालून ऊन आत येते आणि वाचकांना ते हवेच असते. फक्त त्या पट्ट्यात पुस्तकांची कपाटे नकोत.

उजेड

वाचनाच्या टेबलावर ३०० लक्स पुरतात, कपाटांच्या उभ्या कण्यांवर १५० ते २००. खिडकीचा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन ते अडीचपट आतपर्यंत जातो. वरची कड २.४ मीटरवर असेल तर ५-६ मीटर. म्हणून खिडकी रुंद करण्यापेक्षा वर न्या, छत पांढरे ठेवा आणि टेबले खिडकीच्या बाजूला, कपाटे आत अशी मांडणी करा. कपाटांच्या रांगा खिडकीच्या भिंतीला काटकोनात लावा. समांतर लावली तर पहिली रांग उजेड पिते आणि मागच्या सगळ्या गल्ल्यांत दिवसा दिवे लागतात.

छताला आडवे काचेचे झरोके पाडू नका. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा असा झरोका म्हणजे उष्णतेची विहीर. वरून उजेड हवाच असेल तर छताचा काही भाग उचलून उत्तराभिमुख उभी काच घाला आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाती द्या.

दिव्यांचे वायरिंग खिडकीला समांतर रांगांमध्ये करा, म्हणजे खिडकीजवळची रांग दिवसभर बंद ठेवता येते. हॉलच्या लांबीला एकच स्विच असेल तर दिवस कितीही लख्ख असला तरी सगळे दिवे लागतात. चांगल्या एलईडीत ३०० लक्ससाठी दर चौरस मीटरला ५ ते ६ वॅट पुरे, म्हणजे आपल्या हॉलला सुमारे १.७ किलोवॅट. अभ्यासिकेत आणखी कमी करता येते: छताचे दिवे १५० लक्सपुरते आणि प्रत्येक टेबलाला ५-७ वॅटचा स्वतःचा दिवा. मुलगा उठला की दिवा बंद. पुस्तकांच्या गल्ल्यांत हालचाल ओळखणारे सेन्सर लावा, पण वाचनाच्या टेबलांवर नको. तासभर न हलता वाचणारा माणूस सेन्सरला दिसत नाही, त्याच्यावर अंधार होतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी सेन्सर काढून टाकते.

पंखे आणि कूलर

३०० चौरस मीटरला १२०० मिमीचे सुमारे २४ पंखे लागतात. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी विजेच्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. २४ पंख्यांवर सुमारे १,०८० वॅट वाचतात. रोज १२ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ३,९०० युनिटच्या जवळपास. बदल सोपा आहे, म्हणून छताच्या कामाची वाट न पाहता आधी करायला हरकत नाही. पाती फरशीपासून अडीच ते पावणेतीन मीटरवर ठेवा. उंच छताला लहान दांडीने टांगलेला पंखा वरच्या वर हवा घुसळतो.

कूलर ही नागपूरची खरी ताकद आहे आणि सगळ्यांत जास्त चुकाही तिथेच होतात. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर थंड होऊ शकते ते, साडेबावीसच्या आसपास येते. चांगला हनीकोंब पॅड त्या फरकाचा ८० टक्के भाग कापतो. म्हणजे कूलरमधून २७ अंशांची हवा मिळू शकते, एसीच्या तुलनेत किरकोळ विजेत.

आपल्या १,२०० घनमीटरच्या हॉलला तासाला २० वेळा हवा बदलायची तर २४,००० घनमीटर प्रतितास लागते. एवढी हवा १.५ मीटर प्रतिसेकंद वेगाने पॅडमधून जायला सुमारे साडेचार चौरस मीटर पॅड हवा. कंपनीच्या पत्रकात लिहिलेली क्षमता पुढे काही अडथळा नसतानाची असते. डक्ट आणि जाळी जोडल्यावर ती बरीच उतरते, म्हणून २५ टक्के जास्त घ्या.

बहुतेक ठिकाणी विसरले जाते ते हवा बाहेर जाण्याचे तोंड. कूलरने ढकललेली हवा कुठून तरी निघायला हवी. दर ७,२०० घनमीटर प्रतितासामागे १ चौरस मीटर उघडी जागा, म्हणजे इथे सुमारे ३.३ चौरस मीटर, आणि तीही कूलरच्या समोरच्या बाजूला, शक्यतो छताजवळ. दारे बंद करून कूलर चालवला की तासाभरात हवा दमट होते, अंग चिकट होते आणि मग "कूलर काम करत नाही, एसी घ्या" असा ठराव होतो. कूलर बहुधा ठीक असतो, खिडकी उघडायची राहिलेली असते. त्याच कारणाने एका खोलीत कूलर आणि एसी एकाच वेळी कधीही चालवू नका. कूलर पाणी घालतो, एसी तेच पाणी वीज जाळून काढतो.

कूलर सावलीत ठेवा, उत्तरेला किंवा पूर्वेला. खिडकीच बुजवून ठेवलेला कूलर उजेड खातो, त्यामुळे भिंतीत वेगळे तोंड करा.

पाणी मोजून ठेवा. वरच्या प्रमाणात बाष्पीभवन तासाला सुमारे १८० लिटर होते. टाकीत क्षार साठू नयेत म्हणून त्याच्या तिसऱ्या भागाएवढे पाणी सतत सोडावे लागते. ८ तासांना जवळपास २,००० लिटर. बोअरवेलचे जड पाणी असेल तर दोन महिन्यांत पॅडवर पांढरा थर बसतो आणि हवा अडते, म्हणून नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरा. सोडलेले पाणी झाडांना द्या. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासा. डेंग्यूचे डास कूलरच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. वाळ्याचा पॅड सुवासिक असतो, पण लवकर कुजतो. सार्वजनिक हॉलमध्ये हनीकोंबच घ्या.

पाऊस सुरू झाला की कूलर बंद. तेव्हा पंखे आणि उघड्या खिडक्या, आणि एसी असेल तर तो. तापमान २६-२७ वर ठेवून पंखा चालवा. भारतीय कार्यालयांच्या पाहणीवर बेतलेले आयमॅक सूत्र, बाहेरचे सरासरी तापमान ३५ असताना, कधी खिडक्या तर कधी एसी वापरणाऱ्या इमारतीसाठी २७.७ अंश सुखावह धरते. १८ वर लावलेला एसी खोली लवकर थंड करत नाही, फक्त जास्त वेळ चालतो.

पुस्तकांची खोली

माणसांना चालते ते पुस्तकांना चालत नाही. कागदाला स्थिर हवा लागते: आर्द्रता ४५ ते ६० टक्के आणि त्यात मोठे चढउतार नकोत. ६५ च्या वर ती टिकली की बुरशी येते. म्हणून कूलरची हवा पुस्तकांच्या खोलीत थेट सोडू नका. वाचन-हॉल आणि ही खोली यांच्यात आपोआप बंद होणारे दार आणि दाराच्या तळाशी ब्रशची पट्टी हवी.

पावसाळ्यात दिवसा एसी २० वर आणि संध्याकाळी बंद, ही पद्धत पुस्तकांना सर्वांत घातक. रात्री बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड पडलेल्या पुठ्ठ्यांवर तिची ओल धरते. त्याऐवजी खोली २६-२७ वर राहू द्या आणि आर्द्रता ५५ वर लावलेला डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारे यंत्र) रात्रंदिवस चालवा. एसीपेक्षा वीजही कमी लागते. त्याचे पाणी बादलीत नको, नळीने नाल्यात न्या. बादली भरली की यंत्र थांबते आणि रविवारी ते कुणाच्या लक्षात येत नाही.

कपाटे भिंतीपासून ७५ ते १०० मिमी दूर आणि सर्वांत खालचा खण फरशीपासून १५० मिमी वर ठेवा. वर पाण्याची टाकी किंवा शेजारी स्वच्छतागृह असलेली खोली या कामाला घेऊ नका.

सभागृह

सभागृहाचे गणित वेगळे आहे, कारण तिथली मोठी उष्णता माणसांची. ५०० प्रेक्षक बसलेले असताना माणशी सुमारे ११० वॅट, म्हणजे ५५ किलोवॅट, साधारण १६ टन. तेवढेच ओझे ताज्या हवेचे. माणशी ६ लिटर प्रतिसेकंद धरले तर ३,००० लिटर. मेमध्ये ती ४४ वरून २६ वर आणायला ६० किलोवॅटच्या आसपास लागतात.

नागपूरच्या कोरड्या हवेचा इथे मोठा फायदा घेता येतो. ताजी हवा एसीच्या कॉइलवर नेण्याआधी अप्रत्यक्ष बाष्पीभवन यंत्रातून न्या. त्यात ओली हवा आणि आत जाणारी हवा वेगळ्या कप्प्यांतून जातात, म्हणून आतली हवा थंड होते पण दमट होत नाही. ४४ अंशांची हवा २९ च्या जवळ येते आणि ताज्या हवेच्या ६० किलोवॅटपैकी ५० च्या आसपास वाचतात. यंत्र घेताना हे आधी मांडले तर मुख्य एसीच लहान घेता येतो. नंतर जोडले तर फक्त बिल कमी होते. पावसाळ्यात हा भाग निरुपयोगी असतो, तेव्हा बाहेर जाणाऱ्या हवेतून थंडावा आणि कोरडेपणा परत घेणारे चाक उपयोगी पडते. पण पावसाळ्यात हवा ३० च्या आसपासच असते, त्यामुळे लहान केलेला एसी पुरेल का हे त्या ऋतूच्या ओलाव्याचा हिशेब करून तपासून घ्यायला विसरू नका.

ताज्या हवेच्या झडपेला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर जोडा आणि १,००० पीपीएमवर ठेवा. तालमीला ४० माणसे आणि हवा ५०० जणांची, असे बहुतेक सभागृहांत रोज होते. सेन्सर परतीच्या डक्टमध्ये किंवा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर लावा, दाराजवळ नको.

यंत्र एकच मोठे घेण्यापेक्षा एक मोठे आणि एक लहान घ्या. रंगमंच, प्रेक्षागृह आणि फॉयर (प्रवेशदालन) यांचे झोन वेगळे करा. फॉयरला पंखेच पुरतात. बाहेरचे दार आणि हॉलचे दार यांत ३ मीटरचे अंतर असेल तर दोन्ही एकाच वेळी उघडी राहत नाहीत आणि नाटक सुरू असताना उशिरा येणाऱ्यांबरोबर उन्हाच्या झळा येत नाहीत. रंगमंचावरचे १,००० वॅटचे हॅलोजन बदलून एलईडी लावले की दिव्यांची वीज वाचते आणि तेवढीच उष्णता काढण्याचा भारही जातो. एसीची बाहेरची युनिटे अरुंद बंदिस्त जागेत एकमेकांसमोर बसवू नका. एकाची गरम हवा दुसरे ओढते आणि मेच्या दुपारी दोन्ही ट्रिप होतात.

सौर पॅनेल आणि वर्षाचे वेळापत्रक

वरचे सगळे झाल्यावर उरलेल्या भाराएवढे सौर पॅनेल घ्या, आधी घेतले तर गरजेपेक्षा मोठे घेतले जातात. नागपुरात १ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतात आणि त्यांना ८ ते १० चौरस मीटर गच्ची लागते. दक्षिणेकडे सुमारे २० अंश तिरपे, गच्चीपासून उंच सांगाड्यावर बसवा, म्हणजे छताला सावलीही मिळते. खांबांचे पाय वॉटरप्रूफिंग फोडून रोवू नका, वजनी काँक्रीट ठोकळ्यांवर ठेवा आणि वाऱ्याचा भार तपासून घ्या. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात सैल सांगाडे उडतात. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या अभ्यासिकेसाठी महावितरणकडे नेट मीटरिंगचा (दिवसाची जादा वीज त्यांना देऊन नंतर वळती करून घेण्याचा) अर्ज पॅनेल येण्याआधी करा.

कोणते यंत्र कधी, याचा कागद मुख्य स्विचबोर्डशेजारी लावा, कारण शिपाई आणि ग्रंथपाल बदलतात:

फेब्रुवारीचा शेवट: गच्ची धुऊन चुना, कूलरचे पॅड तपासणे, चिका बाहेर टांगणे. मार्च-एप्रिल: रात्री खिडक्या उघड्या, सकाळी ९ ला बंद. तेव्हा रात्री अजून थंड असतात आणि स्लॅब रात्रीत निवतो. मेमध्ये रात्रही तापलेली असते, तेव्हा हा उपाय फारसा चालत नाही. एप्रिलच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत: कूलर, समोरची खिडकी उघडी. पहिल्या पावसापासून सप्टेंबरपर्यंत: कूलर रिकामा करून झाकलेला, पुस्तकांच्या खोलीचा डीह्युमिडिफायर सतत सुरू. ऑक्टोबर: दुपारी आर्द्रता ४० च्या खाली असेल तरच कूलर, नाहीतर पंखे. नोव्हेंबर-जानेवारी: यंत्रे बंद, दुपारी खिडक्या उघड्या, संध्याकाळी ५ ला बंद.

एसी, दिवे आणि प्लग यांना वेगळे सबमीटर बसवा आणि दर महिन्याच्या १ तारखेला तिन्ही आकडे त्याच कागदावर लिहा. एखाद्या महिन्यात एसीचा आकडा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा वाढला, तर कंपनीला फोन करण्याआधी फिल्टर, उघडी राहिलेली दारे आणि रिमोटवरचे तापमान पाहा.